शेवटचं एकत्र राहणं

“पाहुणा म्हणून,” असं त्याच्या वकिलानं वाचलं आणि माझ्या हातातली पिशवी खाली पडली. आत सासूबाईंची पाण्याची बाटली, औषधांचा डबा, कवळीची डबी आणि एक स्वेटर, एवढंच होतं, पण त्या खोलीत पंख्याशिवाय कसलाच आवाज नव्हता, त्यामुळे सगळ्यांनी वळून पाहिलं. न्यायाधीशांनीसुद्धा पाहिलं. मी पिशवी उचलली आणि वकील पुढे वाचत राहिला. जाबदार हा सदर घरी आपल्या आजारी आईस भेटण्यासाठी अधूनमधून, पाहुणा म्हणून, जात असे. उभयता पती-पत्नी या नात्यानं शेवटचे एकत्र राहिले ते जाबदाराच्या नोकरीच्या शहरी. सबब हे प्रकरण चालवण्याचा या न्यायालयाला अधिकार नाही. जाबदार म्हणजे माझा नवरा. अर्जदार मी. मी पोटगी मागितली होती, ती किती द्यायची, द्यायची की नाही, हा प्रश्न अजून कुणी उघडलासुद्धा नव्हता. आमच्या वकीलबाईंनी मला आधीच समजावून ठेवलं होतं, “हे बघा, घटस्फोट, पोटगी, घर, सगळं नंतर. आधी भांडायचं कुठे ते ठरणार. नवरा-बायको म्हणून तुम्ही शेवटचे जिथे एकत्र राहिलात, तिथलं कोर्ट. त्यांना हे त्यांच्या शहरात न्यायचंय. रात्रभराचा प्रवास, दर तारखेला. तुम्ही किती वेळा जाल? कंटाळून सोडून द्याल. हिशेब तोच आहे.” मी तेव्हा हसले होते. म्हटलं, अहो, आम्ही कुठे राहिलो हे काय सिद्ध करायचं, सगळी इमारत सांगेल. वकीलबाई हसल्या नाहीत. त्या खालचा ओठ दाताखाली धरतात, समोरचा एक दात किंचित पुढे आलाय त्यांचा, त्यामुळे ओठावर कायमची खूण आहे.

पाहुणा. मी बाकावर बसले आणि हा शब्द काही खाली उतरेना. अहो, पाहुणा निदान चहाचा कप ओट्यापर्यंत नेऊन ठेवतो. पाहुणा ओला टॉवेल गादीवर टाकत नाही. मीठ कमी पडलं तर पाहुणा गप्प बसून दोन घास कमी खातो, ताट सरकवून उठत नाही. आणि पाहुण्याचे दात रात्री अंधारात कुणी ऐकत बसतं का? हा झोपेत दात खातो. लग्न झालं तेव्हापासून. पहिल्या पहिल्यांदा मी दचकून जागी व्हायचे, वाटायचं खोलीत कुणीतरी खडीवरून चालतंय. नंतर सवय झाली, नंतर मीच त्याच्यासाठी झोपताना घालायचं दातावरचं पातळ आवरण बनवायला लागले. माझं कामच ते. मी कवळ्या करते. दाताचे डॉक्टर तोंडाचा ठसा घेऊन पाठवतात, मी त्यावरून प्लास्टरचा साचा ओतते, मेणात दात रचते, घासते, चकचकीत करते. बायकोनं नवऱ्याला काय काय करून द्यावं याची यादी लोक करतात, त्यात हे कुणी धरत नाही. तो ते आवरण झिजवायचा, मी नवीन करायची. बदली झाल्यावर तो दर आठवड्याच्या शेवटी यायचा, तेव्हाही ते इथेच बेसिनवरच्या पेल्यात असायचं. इथे झोपायचा म्हणून इथे. ते आजही त्या पेल्यात आहे. पाहुणा दात ठेवून जात नाही, माझ्या माहितीत तरी.

माझ्या शेजारी सासूबाई बसल्या होत्या. त्या त्याच्या साक्षीदार. हे नीट लक्षात घ्या, कारण मला स्वतःला ते लक्षात घ्यायला बरेच दिवस लागले. त्यानं साक्षीदार म्हणून आईचं नाव दिलं. आई त्याच्यावर अवलंबून आहे, आई खरं तर त्याच्याकडेच राहते, इथे केवळ कमरेच्या हाडावरच्या उपचारांसाठी ठेवली आहे, आणि तिच्या खर्चाचा भार त्याच्यावर असल्यामुळे बायकोला द्यायला त्याच्यापाशी उरत नाही, असं सगळं त्या कागदात लिहिलेलं. आणि ही जी आई त्याच्याकडे राहते, तिला आज सकाळी उठवलं कुणी, आंघोळ कुणी घातली, बूट कुणी चढवले, टॅक्सीत आधी पाठ मग पाय असं करून बसवलं कुणी? साक्षीदार त्याचा आणि आणायची मी. नाही आणलं तर म्हणणार, साक्षीदार दडवून ठेवला. चोर तो चोर आणि वर शिरजोर. तो आला तो सरळ, इस्त्रीच्या शर्टात, हात हलवत. आईच्या गुडघ्यापाशी वाकून म्हणाला, “आई, घाबरायचं नाही. वकील विचारतील तेवढंच सांग.” माझ्याकडे बघितलं नाही. त्याचा जबडा दुखतो आहे हे मला तेवढ्यातही दिसलं, कानाखालचा स्नायू फुगला होता. तिकडे त्याला आवरण कुणी करून दिलेलं नाही, हे उघड होतं. आणि मला त्याचं वाईट वाटलं, याचा मला जास्त राग आला.

गेल्या आठवड्यात सासूबाईंची कवळी सैल झाली. हिरड्या आकसतात, वय झालं की आकसतातच, मग कवळी बोलताना उचकते, शब्दांत वारं शिरतं. त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, “हे जरा बघ गं. तिथे चारचौघांत पडायला नको.” तिथे म्हणजे कोर्टात. मी मागच्या खोलीत, जिथे आता माझं काम चालतं, तिथे ती दिव्याखाली धरली. पूर्वी मी मोठ्या प्रयोगशाळेत होते, हाताखाली माणसं होती. सासूबाई न्हाणीघरात पडल्या तेव्हा हा म्हणाला, “बाहेरची बाई ठेवायची म्हणजे आईला आवडायचं नाही, तू तात्पुरतं घरून कर ना.” ते तात्पुरतं अजून चालू आहे. तर मी ती कवळी हातात धरून बसले आणि मनात आलं, ठेवावी तशीच सैल. ज्या तोंडातून माझ्याविरुद्ध साक्ष निघायची आहे ते तोंड मीच नीट करून द्यायचं, हा कुठला न्याय? बोलू देत की वाऱ्यानं भरलेले शब्द, टायपिस्टला कळूच नयेत. लोक म्हणतात आपलेच दात आणि आपलेच ओठ, घरातल्यांबद्दल बोलायची सोय नाही. आमच्याकडे तीही गंमत, दात माझे आणि ओठ त्यांचे. पण काम हातात आलं की हात ऐकत नाहीत. आतून नवा थर दिला, दाबून बसवला, कडा गुळगुळीत केल्या. उलट जरा जास्तच घट्ट केली. म्हटलं घ्या, बोला आता स्वच्छ. काय बोलायचंय ते बोला.

इतकी का चिडले होते, ते त्या फोटोमुळे. कोर्टातल्या कागदांना एक फोटो जोडला होता, एकत्र संसाराचा पुरावा म्हणून. स्टुलावर उभी राहून मी पडद्याचा दांडा बसवते आहे, तोंडात एक खिळा, आणि तरीही हसते आहे. मागे त्याच्या तिकडच्या भाड्याच्या घराची उघडी खिडकी. त्याची बदली झाली तेव्हा मी त्याच्याबरोबर गेले होते, आठवडाभर, घर लावून द्यायला. तिथे जमिनीवर आधीच्या भाडेकरूच्या रंगाचे थेंब होते, ते मी पत्र्याच्या तुकड्यानं खरवडले. डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या, साखर कुठली आणि मीठ कुठलं हे त्याला कळावं म्हणून. खिडकीसमोर रस्त्याचा दिवा होता. हा उजेडात झोपू शकत नाही. मी परत इकडे आले, आमच्या झोपायच्या खोलीतले जाड पडदे काढले, घडी घालून तिकडे नेले, स्टुलावर चढून लावले. तो खालून म्हणाला, “थांब, अशीच थांब,” आणि फोटो काढला. मला तेव्हा बरं वाटलं होतं. संध्याकाळची वेळ होती, हातांना साबणाचा वास येत होता, आणि मला वाटलं की इतक्या वर्षांनी हा आपल्याकडे बघतोय. आता उत्तरात लिहिलंय की अर्जदारानं घरगुती सामान स्वतः तेथे हलवून, स्वखुशीनं तेथे संसार थाटला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. इथे आमची खोली तेव्हापासून बिनपडद्याची आहे, मी सकाळी उन्हानं उठते. जिथे आठवडाभर फरशी घासली तिथे माझा संसार, आणि जिथे त्यानं वर्षानुवर्षं गादीवर टॉवेल टाकले तिथे तो पाहुणा. असं राहणं मोजतात होय? जो राबला त्याचं घर ते, जिथे जाऊन राबला. जो बसून खात होता त्याचं कुठेच काही नाही, तो सुटला.

पण खरी बोच वेगळी होती. तो फोटो त्याच्याकडे नव्हता. ज्या फोनवर काढला तो फोन पुढे कुठे तरी गाडीत हरवला. त्यानं त्याआधी एकच प्रत छापून आईला आणून दिली होती, आणि ती सासूबाईंच्या कपाटाच्या आरशात, चौकटीला खोचलेली असायची. मी रोज त्यांचे केस विंचरताना ती बघायची. एक दिवस ती दिसली नाही, तिथे आरशावर धूळ नसलेला चौकोन तेवढा होता. मला वाटलं मागे पडली असेल. मग वकीलबाईंनी कागद पुढे सरकवले आणि त्यात मी, स्टुलावर. म्हणजे ह्यांनी दिला. माझ्या हातचं खाऊन, मी नसताना भिंतीला धरून कपाटापर्यंत गेल्या असतील, फोटो काढला असेल, पाकिटात घालून कुणाच्या तरी हाती पाठवला असेल. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी कवळी काढली असती. सासूबाईंना बोलायचं नसलं की त्या कवळी काढतात. खालची, वरची, रुमालात गुंडाळतात किंवा पाण्यात टाकतात, आणि मग तुम्ही भिंतीशी बोला. उभा जन्म ह्याच्या वडिलांपुढे त्या अशाच गप्प राहिल्या असणार, तेव्हा दात खरे होते म्हणून काढता येत नव्हते इतकंच. तर मी विचारलं नाही. केस विंचरत राहिले, जरा जोरात.

कवळी अशी निघालेली मी नीट पाहिली ती त्या कराराच्या दिवशी. तो मावसभावाला घेऊन आला होता. मावसभाऊ म्हणजे फार समजूतदार माणूस, कुणाचंही घर मोडायचं तर आधी चहा पितो. जेवणाच्या टेबलावर तीन पानं ठेवली. दोघांनी समजुतीनं वेगळं व्हायचं. बायको पोटगी मागणार नाही, आज नाही आणि पुढेही कधी नाही. पुढे वाद झालाच तर तो त्याच्या शहरातल्या कोर्टात. आणि त्या बदल्यात, पतीची आई हयात असेपर्यंत पत्नीला सदर घरात राहता येईल. सासूबाई टेबलाशी होत्या. त्यांच्यासमोर ठेवलेल्या बशीत चहा निवत होता. मी ते वाक्य मोठ्यानं वाचलं, कारण मला वाटलं मी चुकीचं वाचते आहे. मावसभाऊ म्हणाला, “वहिनी, भाषा अशीच असते हो. तुमच्याच भल्याचं आहे.” मी म्हटलं, “आणि आई गेल्यावर मी कुठे जायचं?” हा म्हणाला, “तेव्हाचं तेव्हा बघू.” उचलली जीभ लावली टाळ्याला. समोर जिवंत बाई बसली आहे, त्याची आई, आणि हा तिच्या श्वासावर भाडेपट्टा लिहून आणतो. तेव्हा सासूबाईंनी शांतपणे तोंडात बोट घातलं, कवळी काढली आणि पाण्याच्या पेल्यात सोडली. दोन्ही माणसांनी दुसरीकडे बघितलं. मी सही केली नाही. वकीलबाई नंतर म्हणाल्या की केली असती तरी असला करार कोर्टानं डोळे मिटून मानला नसता, जन्माची पोटगी आणि कोर्टाची जागा दोघांनी टेबलावर बसून ठरवायच्या गोष्टी नव्हेत. असेल. पण सही न केलेलं कलमसुद्धा घरात राहतं, हे वकीलबाईंच्या पुस्तकात नाही. त्या दिवसानंतर सासूबाई खोकल्या की मी उठायची, पूर्वीसारखीच, पाणी द्यायची, पाठीवरून हात फिरवायची, आणि मनात यायचं, मी ह्यांच्यासाठी उठले की छपरासाठी? आधी हा प्रश्न नव्हता. चांगलं असो वाईट असो, माझं होतं ते. त्यानं दुधात मिठाचा खडा टाकला आणि निघून गेला. पोटगी त्यानं दिली तर देईल, पण हे कुठल्या कोर्टात मागायचं? आणि मला वाटतं त्यांनाही कळलं होतं, कारण खोकला आला की त्या उशीत तोंड खुपसायला लागल्या होत्या.

“साक्षीदार,” शिपायानं पुकारलं. मी त्यांना उठवलं. न्यायाधीश म्हणाले, “आजींना खुर्ची द्या.” त्यांच्या वरच्या पुढच्या दाताला टोपी घातलेली आहे, शेजारच्या दातांपेक्षा पांढरी, स्वस्तातलं काम. मी अशा वेळी तोंडंच बघते, दुसरं काही बघवत नाही म्हणून. ह्याचा वकील गोड आवाजात म्हणाला, “आजी, तुम्ही मुलाकडे राहता ना?” त्या गप्प. “इथे फक्त उपचारासाठी आहात. बरोबर?” गप्प. “मुलगा तुम्हाला बघायला यायचा, एक-दोन दिवस राहून जायचा, पाहुण्यासारखा. हो की नाही, एवढंच सांगा.” सासूबाईंनी मुलाकडे पाहिलं. तो मान हलवत होता, शाळेत गॅदरिंगला आया हलवतात तशी, म्हण म्हण. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर दिली नाही, खोटं कशाला बोलू, मी समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. आणि त्यांचा हात रुमालाकडे गेला. मला कळलं. मी जागची अर्धवट उठले, पण तोवर वरची निघाली होती, मग खालची, ती जरा अडली, घट्ट होती ना. रुमालात गुंडाळली. ओठ आत गेले, चेहरा मिटला. आठ माणसांच्या समोर ती बाई तशी बसून राहिली, रुमाल दोन्ही हातांत धरून.

माझा संताप असा वर आला की कान गरम झाले. मुलाची लाज राखायची, आणि खोटंही बोलायचं नाही. वा. स्वतःचं पाप कशाला लागायला हवं, नाही का? आणि माझं काय? त्या गप्प बसल्या की लिहिलेलं तेवढं उरतं, आणि लिहिलेलं सगळं त्याचं. मी रात्रभराच्या गाड्यांत बसणार, मागची खोली बंद, ठसे सुकून वाया, आणि ह्या घरी एकट्या, हे त्यांना कळत नसेल? वकील म्हणाला की वयोमानानुसार असं होतं, लेखी निवेदन पुरेसं मानावं. न्यायाधीशांनी चष्मा काढला. ह्याला विचारलं, “तुमच्या उत्तरात आहे, आई तुमच्याकडे राहते. उपचार संपले का?” “संपलेच आहेत, साहेब.” “मग आज इथून त्या कुणाबरोबर जाणार?” वकीलबाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला आणि हळूच म्हणाल्या, “आता एक शब्द बोलू नका. तो नाही म्हणणार. नाही म्हटला की त्याचं म्हणणं खोटं ठरलं.” ह्यानं आपल्या वकिलाकडे पाहिलं. वकिलानं पापणी लववली. आणि हा म्हणाला, “माझ्याबरोबर.” विसरलेली छत्री घेऊन जातो म्हणावं, इतक्या सहज. “आज?” “हो. रात्रीची गाडी आहे.”

मी उठले. वकीलबाईंनी माझी बाही धरली होती, ती सुटली. “कुठल्या गाडीनं नेतोस?” मी म्हटलं. “त्यांना तासाभरावर बसवत नाही. उशी किती उंच लागते ते माहीत आहे तुला? त्या रात्री दोनदा उठतात, अंधारात हात धरायला लागतो. आणि तुझ्या घराला लिफ्ट नाही. तीन जिने आहेत, अरुंद. मी चढलेय ते, पडदे घेऊन.” मग त्याच्या वकिलानं हसून, अगदी नम्रपणे म्हटलं, “साहेब, याची नोंद व्हावी. अर्जदार स्वतः मान्य करतात की त्यांनी पडदे त्या घरी नेले.” टायपिस्टची बोटं चालू झाली. त्या टकटकीत मला रडू येईल असं वाटलं, रागाचं. एका म्हातारीला जिन्यावरून कसं नेणार म्हणून बोलले, आणि त्यातून ह्यांनी माझे पडदे तेवढे उचलले. न्यायाधीश म्हणाले, “बाई, तुम्ही बसा.” मी बसले. वकीलबाई दुसरीकडे बघत होत्या.

तेवढ्यात रुमाल उलगडल्याचं दिसलं. सासूबाईंनी आधी खालची कवळी बसवली, दोन्ही अंगठ्यांनी दाबून, डोळे बारीक झाले त्यांचे. मग वरची. मग पाणी मागितलं. शिपायाला कळेना कुणी द्यायचं, मी बाटली पुढे केली. त्या प्यायल्या, तोंड पुसलं आणि न्यायाधीशांना म्हणाल्या, “मी घरी जाणार.”

“मुलाकडे ना, आजी?” वकील म्हणाला.

“हिच्याबरोबर. घर तिथेच आहे.”

न्यायाधीशांनी विचारलं, “आणि मुलाचं घर?”

“त्याचंही तेच होतं. आम्ही तिघं राहायचो. तो नोकरीला जायचा तिकडे, यायचा इकडे. मग यायचा बंद झाला.” सासूबाईंचा शब्द न् शब्द स्वच्छ येत होता. ‘स’ सुद्धा सांडत नव्हता. “ते काय वाचलंत मघाशी, पाहुणा. पाहुण्याला मी ओरडत नाही. ह्याला रोज ओरडत होते, चपला दारात आडव्या टाकू नकोस म्हणून. मीच पडले असते एखाद दिवस.” मग ह्याच्याकडे वळून, तितक्याच साध्या आवाजात, “मला नेणार होतास तू? आज? अरे, मी कुठे झोपणार होते तिथे, ते तरी ठरवलं होतंस का?” त्याच्या कानाखालचा स्नायू तेवढा हलत होता.

न्यायाधीशांनी टायपिस्टला मजकूर सांगितला. त्यात चपला नव्हत्या. पक्षकार पती-पत्नी या नात्यानं शेवटचे एकत्र याच शहरी राहिल्याचं दिसून येतं, सबब जाबदाराचा आक्षेप फेटाळण्यात येतो, प्रकरण येथेच चालेल. पोटगीच्या मागणीवर पुढची तारीख. वकीलबाईंनी माझा हात दाबला आणि पुढच्या प्रकरणाचे कागद काढले. जिंकलो म्हणावं तर काय जिंकलो? भांडायचं कुठे, एवढं ठरलं. त्यासाठी म्हाताऱ्या बाईला लोकांसमोर बोळक्या तोंडानं बसावं लागलं आणि मुलगा किती हलका आहे ते त्याच्याच तोंडून ऐकावं लागलं. मघाशी ज्यांना मनातल्या मनात काय काय बोलले होते, त्यांचा दंड मी धरला आणि आम्ही बाहेर आलो. तो आमच्या मागून आला. “आई, हे तू बरं नाही केलंस,” म्हणाला, आणि भराभर जिना उतरून गेला. त्या त्याच्या डोक्याकडे बघत राहिल्या, केस विरळ झाले होते, वळणाला तो दिसेनासा होईपर्यंत.

कॉरिडॉरच्या बाकावर मी त्यांना टेकवलं. टॅक्सी बोलवायची होती, पण मी फोन हातात धरून तशीच उभी राहिले. लोक फायली घेऊन ये-जा करत होते, एक बाई भिंतीकडे तोंड करून डबा खात होती. सासूबाई म्हणाल्या, “तो फोटो परत देतात का गं?”

“कुठला?” मी म्हटलं. मला माहीत होतं कुठला.

“तुझा. स्टुलावरचा. मी दिला त्याला.” त्यांनी रुमालाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. “फोन आला होता त्याचा. म्हणाला, आई, तो पडद्याचा फोटो आहे ना तुझ्याकडे, तो पाठव मला. कशाला ते बोलला नाही. मीही विचारलं नाही. मला वाटलं, तुझी आठवण येत असेल.”

मी खाली बसले, बाकावर नाही, त्यांच्या पायांशी, फरशीवरच. इतके दिवस मी त्या आरशातल्या चौकोनाकडे बघून दात आवळत होते, आणि ह्या बाई त्याच चौकोनाकडे बघून वाट बघत होत्या, की आज येईल, उद्या येईल, फोटो मागितलाय म्हणजे येईलच. त्यानं आईलासुद्धा तसंच वापरलं. इतकं साधं, इतकं चांगलं जे काही त्यांच्या मनात आलं, ते घेतलं आणि कागदाला टाचून दिलं. मला ओरडावंसं वाटत होतं, पण तो जिन्यावर नव्हता, आणि जे होते त्यांचा काही दोष नव्हता. सासूबाईंनी गालावर हात धरला होता. खालच्या बाजूला, डावीकडे.

“दुखतंय?” मी विचारलं.

“थोडंसं. सकाळपासून. म्हटलं, तुला कशाला त्रास.”

मी घट्ट बसवली होती, मला माहीत होतं. त्या कडेनं हिरडी सोललेली असणार, आणि त्याच हिरडीनं त्या एवढं सगळं बोलल्या होत्या. मी बोट स्वेटरला पुसलं आणि त्यांची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला.

“उघडा तोंड,” मी म्हणाले.